बाहेर ऐकू येणार नाही असा

वहिनी गेल्याचा निरोप माझ्या माहेराकडून, पालीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं कचेरीत आणून दिला. "बाय, तुमची वहिनी..." एवढंच बोलून तो थांबला. रडू यायला हवं होतं, पण मला आधी लाज वाटली. तिनं शेवटचं म्हणून एक मागितलं होतं आणि मी "पुढच्या रविवारी" म्हणून परतीची गाडी पकडली होती. आता ती जाऊन महिना उलटला. लाज काही जात नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ बोटीवर. दादा घरी यायचा तो वर्षातून एकदा, जमलंच तर गणपतीला. बाकी वर्षभर घरात आई आणि वहिनी, आणि दोघींच्या मध्ये गुळाच्या कपाटाची किल्ली. ती आईच्या कमरेला असायची. चहाला गूळ लागला की वहिनीनं मागायचा, आईनं उठून काढून द्यायचा. यावरून भांडण कधी झालं नाही. पण गौर घरात आली की दुपारी बायका माजघराचं दार ओढून फेर धरायच्या आणि वर्षभराचं सगळं गाण्यात यायचं. सासू, नणंद, नवरा, कुणाची सुटका नाही. सासवा तेवढ्यापुरत्या आपण होऊन शेजारी जाऊन बसत. बाप्यामाणसांनी ऐकायचं नाही आणि आत गायलेलं बाहेर काढायचं नाही, हा रिवाज. वहिनी तर उभ्या उभ्या गाणं बांधायची. वाद्य कसलं नाही, टाळ्या आणि पायांचा ठेका. आवाज जरा जाडच, पण ती गायला लागली की बाकीच्या बायका आपलं गाणं विसरून ऐकत राहायच्या.

तो आवाज धरून ठेवायचं खूळ माझं. एका वर्षी शेजाऱ्यांचा टू-इन-वन टेपरेकॉर्डर मागून आणला आणि फेराच्या मध्ये जमिनीवर ठेवला. ऐकलं तर नुसता पायांचा धबधबा आणि यंत्राची घरघर, वहिनी कुठेतरी विहिरीच्या तळाशी. दादा त्या गणपतीला घरीच होता, त्याला हुरूप आला. "पुढच्या खेपेला मोठ्ठा आणतो. सगळा गाव ऐकेल." मी म्हटलं, मोठा घेऊन काय करायचाय? माईक वेगळा, लांब वायरीचा हवा, म्हणजे वाशाला टांगता येईल. आणि सेलवर चालणारा आण, गणपतीत वीज असते कधी? वहिनी दाराआडून ऐकत होती. नवऱ्याशी सगळ्यांदेखत बोलायची तिची पद्धत नव्हती. "वन्सं, त्यांना सांगा, भायेर आयकू येनार नाय असा आना. नायतर मी तोंड उघडायची नाय."

दादानं शोधून तसाच आणला. हातात मावेल एवढा, स्पीकर नाहीच, ऐकायचं ते इयरफोन कानात घालून. त्या गौरीला मी माईक रुमालात गुंडाळून वाशाला टांगला. नंतर वहिनीनं इयरफोन कानात धरला. "ही मी?" म्हणाली. मग पदर तोंडाला लावून, "बरी गाते की ओ."

इतकं पारखून यंत्र आणलं, पण गाणं यंत्रात राहत नाही, कॅसेटमध्ये राहतं, आणि कॅसेट कुठल्याही यंत्रात जाते, हे वहिनीच्या आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. दादाच्या आलं. दुसऱ्या दिवशी घरापुढच्या खळ्यात भजनाला गाव जमला होता, कर्णा भाड्यानं आणला होता. बायकोचं कौतुक म्हणून दादानं कॅसेट लावली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्याच कडव्यात गाण्यातली सासू कमरेला किल्ली बांधून झोपली आणि सुनेला गुळावरची मुंगी समजली. खळं खदखदून हसलं. सगळ्यांच्या माना ओटीवर बसलेल्या आईकडे वळल्या. आई उठून आत गेली. दादानं धावत जाऊन कॅसेट बंद केली. मी तिथंच उभी होते.

सकाळी आईनं किल्ली वहिनीसमोर ठेवली आणि पुन्हा कधी कमरेला लावली नाही. वहिनीनं किल्लीला हात लावला नाही. आई होती तोवर ती बिनगुळाचा चहा प्यायली. दादा त्या सुट्टीत मान वर करून जेवला नाही. गौरी पुढेही आल्या, बायका वहिनीला फेरात ओढायच्या, ती नुसत्या टाळ्या द्यायची.

शेवटचं भेटले तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळलेली होती, माझ्या सासरची माणसंही तिला बघायला आली होती. आई त्याच्या आधीच गेली होती. "वन्सं, ती कॅसेट हाय?" तिनं विचारलं. मी सेल घातले, इयरफोन तिच्या कानाशी नेला. तिनं तो बाजूला सारला. "असं नको. शेजारचा मोठा आना. भायेर आयकू दे."

"ओटीवर माझ्या सासरची माणसं बसलीत, वहिनी."

"बसू देत. तेवा सगळी हसली. गानं कोनी आयकलंच नाय."

आमच्या आईवरचं गाणं माझ्या सासरच्यांनी ऐकायचं, या विचारानं मीच कानकोंडी झाले. जी लाज तिनं टाकून दिली, ती मी उचलली. "पुढच्या रविवारी लावू," म्हटलं.

बाराव्याला दादा बोटीवरून पोचला. जेवणं झाल्यावर मी स्वतः शेजारी जाऊन मोठं यंत्र आणलं आणि माजघराच्या उघड्या दारात ठेवलं. किल्लीचं कडवं आलं, गेलं. कोणी हसलं नाही. दादा पहिल्यांदाच ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकत होता, मीही इतक्या वर्षांनी. गाणं संपल्यावर थोडी खरखर आहे, मग धाप लागलेली वहिनी विचारते, "झालं? भायेर कोनी आयकलं नाय ना?"

आणि माझा आवाज येतो, अगदी ठाम. "कोणी नाही गं. कोणी ऐकणार नाही."