तळाच्या संघाचा गोलकीपर

हॉकी मी निवडली नाही. मी नोकरी धरायला गेलो आणि हॉकी गळ्यात पडली.

मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं होतं. ठाण्याला एक नवा कारखाना निघाला होता, तिथे कारकुनाच्या जागेसाठी गेलो, तर साहेबांनी टायपिंगचं विचारायच्या आधी विचारलं, "हॉकी खेळता का?" शाळेत दोनचारदा खेळलो होतो, तसं सांगितलं. "उद्यापासून या," म्हणाले. डोंबिवलीला घरी आलो तर आईने देवापुढे साखर ठेवली. वडील पेन्शनीत निघालेले, माझ्या पाठीवर दोन बहिणी. नोकरी मिळाली यातच सगळे भरून पावले. ती कशामुळे मिळाली हे कोणी विचारलं नाही.

गोष्ट अशी होती की हॉकीच्या लीगला त्या काळात वाढायची हौस आली होती. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झालेली. ठाण्यापासून कल्याणच्या पुढेपर्यंत कारखाने निघत होते आणि प्रत्येक साहेबाला स्वतःच्या कारखान्याचा संघ हवा होता. लीगने तळाला एक नवा गट काढला आणि आमच्यासारखे हौशे-गवशे त्यात भरले. संघ झाले, पण खेळाडू कुठून आणायचे याचा विचार कोणी केला नव्हता. मला गोलमध्ये उभं केलं, कारण तिथे उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. वेताचे आणि कापसाचे जाडजूड पॅड एकदा पायांना बांधले की मला धड बसता येत नसे, धड पळता येत नसे. रविवारी सामने आणि रोज संध्याकाळी सराव. "ज्याला सरावाला जमत नसेल त्याने दुसरी नोकरी बघावी," साहेबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

आणि मला नेमकी संध्याकाळच हवी होती. दादरला घरांचे नकाशे काढायला शिकवणारा एक वर्ग संध्याकाळी भरत असे. डोंबिवलीत तेव्हा भातशेतांच्या कडेने घरं उठायला लागली होती. कुठे पाया खणताना दिसला की मी तिथे खिळून उभा राहायचो. मला ते शिकायचं होतं. त्याऐवजी दिवसा मालाच्या पावत्या आणि संध्याकाळी छातीवर चेंडू. असंच म्हातारपण येणार, या विचाराने मला धडकी भरे.

आमच्यात खरा हॉकी खेळणारा माणूस एकच, माझ्यापुढे उभे राहणारे फुलबॅक. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. फाळणीत कराचीहून सगळं सोडून आलेले आणि कल्याणच्या छावणीतल्या बराकीत बायकोमुलांना घेऊन राहणारे. मी त्यांना भाईसाहेब म्हणायचो, ते मला मुन्ना. कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं तेही हॉकीमुळेच. कधी गोदामात, कधी फाटकावर. सामन्यात ते मागे वळून ओरडायचे, "मुन्ना, घबराना नहीं, मैं खडा हूं!" ते खरंच खडे असायचे. बाकीचे नऊ जण कुठे असायचे, देव जाणे.

आम्ही हरत गेलो. रेल्वे वसाहतीच्या पोरांनी तर आम्हाला कुटून काढलं. शेवटी साहेबांचं डोकं फिरलं. लीगच्या नियमाप्रमाणे तळाचा संघ बाद व्हायचा. सगळ्यांना समोर उभं करून ते म्हणाले, "तळाला गेलो तर संघ बंद. मग हॉकीसाठी घेतलेली माणसं मी काय बसवून पोसू? कारकून तेवढे राहतील."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. संघ बुडाला की माझी नोकरी शाबूत आणि संध्याकाळ मोकळी! मग माझं लक्ष भाईसाहेबांकडे गेलं. ते साहेबांकडे बघतसुद्धा नव्हते, खाली मान घालून उभे होते. त्या दिवसापासून मला धड जिंकावंसं वाटेना, धड हरावंसं वाटेना. रात्री झोप लागेना. आई म्हणायची, "अरे, खेळाचं एवढं काय मनाला लावून घेतोस?"

शेवटचा सामना कल्याणला होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचत होतो. मी मनाशी ठरवलं, आपण चेंडू मुद्दाम सोडायचा नाही, पुढे काय व्हायचं ते होवो. आणि खरं सांगतो, इतका चांगला मी कधीच खेळलो नव्हतो. सामना बरोबरीतच संपत आला असताना समोरच्या पोराने गोलपुढच्या डीमधून फटका मारला. चेंडू सरळ माझ्या पॅडवर येत होता. भाईसाहेबांनी मध्ये काठी घातली, चेंडू काठीला लागून वळला आणि माझ्या दुसऱ्या बाजूने आत गेला.

ते आपल्या काठीकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा चेहरा पडलेला होता आणि आतून एकच शब्द येत होता: सुटलो. मला स्वतःची शिसारी आली, पण तो शब्द काही थांबेना.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी दादरला गेलो आणि वर्गात नाव घातलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना कारखान्याच्या आवारात बोलावलं. लीग आणखी वाढणार होती, पुढच्या वर्षी आणखी नवे संघ येणार होते. तेव्हा यंदा कोणीच बाद नाही. आमचा संघ राहणार, माणसं राहणार. "आणि या आमच्या गोलकीपरला आजपासून कायम केलं," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. भाईसाहेबांनी मला कमरेला धरून वर उचललं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "मुन्ना, अब तो साथ में बूढे होंगे!" मला नाही म्हणता येईना. साहेबांना नाही म्हणायची हिंमत कदाचित मी गोळा केली असती. पण या माणसासमोर, आपल्या सुटकेची किंमत त्याच्या भाकरीने मोजली गेली असती हे कळल्यावर, काय बोलणार? मीही हसलो. घरी आईने पेढे वाटले.

वर्गातलं नाव काढायला पुन्हा दादरला गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कारण विचारलं.

"हॉकी," मी म्हटलं.

"वा! नशीबवान आहात," ते म्हणाले. "आमची मुलं खेळायला वेळ मिळत नाही म्हणून रडतात हो."

त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. सरावाच्या आत ठाण्याला पोचायचं होतं.