उत्तमकाकांचं पहिलं तिकीट

झाशीतल्या प्रेम नगरचे उत्तमकाका रेल्वेतून रिटायर झालेले. गाडीला कुणी लेट म्हटलं की म्हणायचे, “तुम्हीच लवकर येता.”

त्यांची भुसावळची बहीण शेवटच्या घटका मोजत होती. रेल्वेचे त्या वर्षाचे फुकट पास संपलेले, म्हणून काकांनी आयुष्यात प्रथमच तिकीट काढलं. गाडी इतकी उशिरा आली की काका पोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतत होती.

झाशीला परत आल्यावर भरपाई मागायला मीच त्यांना स्टेशनवर नेलं. काउंटरवरचा बाबू म्हणाला, “दादाजी, लेट गाड़ी में बैठे ही क्यों? न जाते तो पूरा पैसा मिलता.”

मी भांडायला सरसावलो. काकांनी माझा हात धरला. “चल रे. त्याचं काय चुकलं? तिकडे भाचाही हेच म्हणाला, ‘मामा, आता कशाला आलात?’”