रणगाड्याचं कपाळ

आटपाट डोंगर होता. डोंगराखाली धुकं होतं आणि धुक्यात, पौडच्या पुढं, आमचं घर होतं. घरात मी, आमचे मालक आणि दोन बैल. त्यातला एक पाय मुरगळून गोठ्यात बसलेला.

आता काय सांगू तुम्हाला, त्या वर्षी मी जो घोळ घातला तो थेट सरकारच्या लोखंडावर उमटला.

आषाढ होता. भाताचं रोप लावणीला आलेलं, पण खाचरात चिखलणी, म्हणजे पाण्यात माती बैलांनी घोळून मऊ करणं, व्हायची होती. एका बैलानं चिखलणी होते का? शेजाऱ्यांचे बैल त्यांच्याच खाचरांत गुंतलेले. रोप जून झालं की संपलं. मग वर्षभर खायचं काय?

अशात एका सकाळी धुक्यातून घरघर आली. मला वाटलं, डोंगरच झोपेत कूस बदलतोय. धुकं विरलं, तर समोर हिरवागार रणगाडा. पायांच्या जागी लोखंडी पट्टे, वर लांब नळी. मागून जीपमधनं एक तरणे साहेब उतरले.

"वहिनी, नवी गाडी बनवलीय. चिखलात कशी चालते ते पलीकडच्या माळावर बघायचंय. घाबरू नका."

"घाबरायचं काय त्यात? नवी हाय न्हवं? पुजा केली का?"

"अजून नाही," साहेब हसले.

आमच्याकडं नवा बैल असो की नवी गाडी, शिवेत आली की पायावर पाणी आणि कपाळाला कुंकू. मंडळी पडवीत चहा पीत बसली, तोवर मी ताट घेऊन गेले. पट्ट्यांवर पाणी घातलं. आता कपाळ कुठं? सगळं अंग चिखलानं भरलेलं. पुढं तीन जाड काचा तेवढ्या लख्ख होत्या. पावसानं जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवलं आणि तिन्ही काचांना बोटं भरभरून लावलं. कसं गोजिरं दिसत होतं म्हणून सांगू.

चहा झाला. चालक आत बसला, वरचं झाकण मिटलं, रणगाडा निघाला. माळाकडं चार पावलं गेला आणि वळला. थेट आमच्या खाचराकडं.

साहेब बांधावरनं छत्री हलवत पळत होते. आत कुणाला ऐकू जातंय? बांध फोडून तो खाचरात शिरला आणि वाट हुडकत गोल गोल फिरू लागला. चिखल उसळत होता, धुकं हलत होतं, आणि मी हात जोडून उभी. मला सपनात असल्यागत वाटत होतं.

"बघितलं का?" मी मालकांना म्हटलं. "पुजा केली की जनावर आपसूक कामाला लागतं."

शेवटी रणगाडा थांबला. साहेब चिखलातनं आले आणि मला लाल बोट दाखवलं.

"वहिनी, हे काय?"

"कुंकू. कपाळाला लावलं."

"ते कपाळ नाही हो, डोळे आहेत त्याचे. चालक म्हणतोय, आतून सगळं लालच दिसत होतं."

मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, तिचं मनाला लावून घिऊ नका. लग्नात माझ्याबी डोळ्यातच हळद घातली व्हती तिनं."

पाणी वाहून चाललं होतं. साहेबांसकट सगळ्यांनी फावडी घेऊन बांध पुन्हा घातला. खाचर तर लोण्यासारखं झालेलं. दुसऱ्याच दिवशी लावणी केली. त्या साली भात असं आलं की कणग्या पुरेनात, आणि दिवाळीनंतर गोठ्यात नवा बैल आला.

पुढच्या आषाढात तेच साहेब नवा रणगाडा घेऊन आले. काचांवर आता पुसणी बसवलेली, आतून फिरवायची. वर खडूनं एक मोठा गोल काढलेला.

"वहिनी, पुसणी तुमच्यामुळं बसवली. आणि हा गोल म्हणजे कपाळ. इथंच लावायचं."

मी बरोब्बर गोलात लावलं. ताटात कुंकू उरलं होतं, म्हणून आमच्या नव्या बैलाकडं वळले.

त्यानं मला येताना बघितलं आणि आधीच डोळे मिटून घेतले.