धर्माजीच्या शंकांचा बांध

आमचा धर्माकाका शंकेखोर होता, हे मी पुतण्या म्हणून जरा सौम्यच सांगतोय. गावातले लोक याहून वाईट शब्द वापरत. नागावहून नारळ आणले, तर वाडीवाल्यानं मुद्दाम जुने गळ्यात मारले अशी त्याला शंका. वाटेत कुणी हसून "काय धर्मा, बरा हायस ना?" म्हणालं, तर घरी येऊन अर्धा दिवस हा विचार करत बसे की मी आजारी दिसतो असं याला सांगितलं कुणी? हे सगळं काशीकाकीला ऐकावं लागे. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

मीही त्याच घराण्यातला, त्यामुळे मनाच्या औषधांवर माझा विश्वास नाही. तरी एकोणीसशे एकतीसच्या पावसाळ्यात काकीनं काकावर जो उपाय केला, तो सांगण्यासारखा आहे.

आमचं गाव खारेपाटातलं. पुढे खाडी, मागे भातशेती, आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. हा बांध सांभाळायची आमच्याकडे जोळ होती, म्हणजे प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. ज्यानं त्यानं आपापल्या तुकड्यावर चिखल चढवायचा, भेगा बुजवायच्या. आणि कुणाचाही तुकडा फुटू लागला की हाक ऐकू येईल त्यानं हातातलं काम टाकून धावायचं. आणखी एक कडक नियम होता. बांधातल्या बिळांतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, काढायच्या नाहीत, कारण लोखंडी आकडी घातली की बीळ मोठं होतं आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

काकाच्या शेजारचा तुकडा येसाजीचा. दोघांची शेतंही लागून. त्या आषाढात काकानं एका सकाळी येसाजीला पाहिलं. तो घोंगडी पांघरून बांधावर वाकला होता, आणि तेही काकाच्या तुकड्यावर. काका जवळ जाईपर्यंत तो घोंगडी सावरत निघून गेला. झालं! "मना बुडवायला बांध पोखरतो," हे त्या दिवसापासून काकानं काकीला जेवताना, दळताना, निजताना ऐकवलं.

"मंग इचारा ना त्याला," काकी म्हणे.

"इचारलं तं खरं सांगंल काय?"

शेवटी काकीचा धीर सुटला. "आता हे बगा, मनात वंगाळ आलं का उठायचं, एक पाटी चिखल आपल्या बांधावर टाकून यायचं. मंगच मना सांगायचं."

तिला बिचारीला घरात जरा शांतता हवी होती, बाकी काही नाही. पण उपाय लागू पडला! पाटी टाकून आलेला माणूस दमे, भाकरी खाई आणि गप झोपे. बडबड निम्म्यावर आली. काकी देवाला नारळ बोलली. शंका मात्र एकही गेली नव्हती, ती फक्त बांधावर जाऊन बसली होती. श्रावणापर्यंत काकाचा तुकडा सगळ्या गावात उंच आणि रुंद झाला. तिथली बिळं गाडली गेली, तशा चिंबोऱ्या शेजारी येसाजीच्या तुकड्यात सरकल्या. आणि पाटी टाकून झाली की काका तिथेच बसून येसाजीवर नजर ठेवी. त्या नजरेपुढे येसाजी स्वतःच्या बांधालाही हात लावीना.

भादव्यातल्या अवसेला भर दुपारी उधाण चढलं. भात पोटरीला आलेलं, दोन्ही घरांचं वर्षभराचं अन्न त्या एका बांधामागे उभं. काका आपल्या तुकड्यावर होता. पलीकडून येसाजी ओरडला, "धर्मा, धाव! बीळ सुटलं!"

काका जागचा हलला नाही. मी इकडून हललो की हा तिकडून येऊन माझा बांध फोडणार, असं त्याच्या मनात आलं. येसाजी दुसऱ्यांदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला. घरातून काकी पाटी घेऊन धावत आली आणि नवऱ्याकडे न बघता त्याच्या पुढून निघून गेली. तेव्हा कुठे काकाचे पाय हलले. पण तोवर मुठीएवढ्या बिळाची बैलगाडी जाईल एवढी खांड झाली होती. येसाजी त्यात छातीएवढ्या पाण्यात पाठ लावून उभा होता.

गाव जमला. ओहोटी लागेपर्यंत माणसं चिखल ओतत होती. खांड बुजली, पण येसाजीचं सगळं भात खाऱ्या पाण्यात गेलं आणि आमचं अर्धं. अशा जमिनीत पावसाचं पाणी साठवून सोडत राहावं लागतं, तेव्हा दोन-तीन वर्षांनी मीठ उतरतं.

चार दिवस काका जेवला नाही. पाचव्या दिवशी पाटी न घेता थेट येसाजीच्या ओटीवर गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलला. "तू माझ्या बांधावर काय करत होतास, येसूदादा?"

येसाजीनं मान खाली घातली. "चिंबोऱ्या काढत होतो. तुझ्या बांधात मोठ्या हायत. काढून झाल्या का बिळं बुजवायचो. गावाच्या भयानं बोललो न्हाय."

म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. काकाला वाटलं, आपण जिंकलो. तो जायला वळला.

"थांब," येसाजी म्हणाला. "तुझं झालं ना? आता माझं ऐक. तू दोन महिनं बांध उंच कशाला करत होतास? पानी माझ्या अंगावर लोटायला ना? आनि वरून बगत बसायचास, कवा बुडतो म्हनून. इचारायला चारदा तुझ्या दारापर्यंत आलो. चारदा मागं फिरलो."

काका काही बोलायला गेला. येसाजीनं हात वर केला. "मी तुझ्या मधी बोललो काय?"

काका खाली बसला. दिवस कलेपर्यंत ऐकत बसला होता.

घरी आला तेव्हा काकी चुलीपुढे होती. "काय म्हनला येसूभाव?" तिनं विचारलं. काका तिच्या शेजारी मटकन बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

"काशे, दोन महिनं त्याचा डोळा लागला न्हाय गं," तो म्हणाला. "माझ्या भयानं."