तांब्यासाहेबांचं पाणी

तांब्यासाहेब सांगलीच्या हळदबाजारात शिरले की आधी त्यांच्या हातातला पितळी तांब्या दिसे, मग ते. परदेशी जाणारी हळद तपासून तिला दाखला देणं हे त्यांचं सरकारी काम. दिवसभर पेढ्यांवर उन्हातान्हात हिंडत, पण कुणाकडे घोटभर पाणी घेत नसत. घरून भरलेला तांब्या, वर पालथं घातलेलं फुलपात्र, एवढी त्यांची शिदोरी. हमालांनी ठेवलेलं हे नाव साऱ्या बाजाराच्या तोंडी होतं.

एकदा एका म्हाताऱ्या हमालानं विचारलंच, “सायेब, आमच्या रांजणात इख कालवलंय व्हय?”

“पाणी चांगलंच असेल हो. पण पाण्यामागून चहा येतो, चहामागून फराळ.”

“आन् फराळामागनं?”

“तुमच्या शेठची पोती.”

हमाल पोट धरून हसला. गादीवर बसलेले शेठ हसले नाहीत.

आमचं गाव पलूसजवळ. घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. आमच्या शाळामास्तरांची आणि साहेबांची जुनी ओळख होती. त्या आधारावर मास्तरांनी मला कॉलेजसाठी त्यांच्या घरी आणून सोडलं. साहेबांनी मला एक खोली दिली आणि आपल्या पंक्तीला बसवलं. हे त्या काळी किती मोठं होतं, ते माझ्यासारख्यालाच कळेल. रात्री माझे इंग्रजी निबंध ते हळद तपासावी तसे तपासत. एखाद्या वाक्यावर बोट ठेवून म्हणत, “बाहेरून पिवळं आहे, आत कच्चं आहे.”

हळकुंड ते कानाजवळ नेऊन मोडत. खणखणीत आवाज आला तर पुढे, नाही तर पोतं बाजूला. कुणी गयावया केली तर म्हणत, “घेणारा समुद्रापलीकडे आहे. तो काही सांगलीला येऊन भांडणार नाही. त्याच्या वतीनं मीच भांडायचं.”

महायुद्ध संपून जहाजं पुन्हा सुरू झाली, त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली हळद परदेशी जाणाऱ्या मालासाठी आणली. “माल पास झाला तर फुडं शीक,” ते म्हणाले होते, “न्हाईतर औत धरायला ये.” त्या दिवशी कॉलेजात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी पाटावर बसल्यावर साहेबांनीच सांगितलं, “आबांचा माल नापास केला. तू इथं राहतोस म्हणून चार पोती जास्तच उघडली. नीट शिजलेली नाही.” माझा घास हातातच राहिला. ते म्हणाले, “जेव. खोली तुझीच आहे. तिचा हळदीशी संबंध नाही. आबांशी मी बोलतो.”

आणि ते खरंच बोलले; आबांनी मला एका हंगामाची मुदत दिली. पुढच्या हंगामात सुट्टी काढून आमच्या रानात आले. हळद शिजवायच्या काहिलीशेजारी धुरात उभे राहून, हळकुंडात काडी कितपत सहज शिरली म्हणजे जाळ काढायचा, ते आबांना दाखवत राहिले. डोळे लाल झाले होते. आईनं पाणी आणलं. त्यांनी हात जोडले, “आज नको वहिनी. पुढे कधीतरी घेईन.” आणि आपल्या तांब्यातलं प्याले.

आईनं भांडं परत आत नेलं. आमच्या घरचं पाणी नाकारणारी माणसं तिनं पाहिली होती आणि त्यांची कारणंही ऐकली होती. ते गेल्यावर मी त्यांचा नियम समजावू लागलो, तशी म्हणाली, “मी काय मालाचं बोलले व्हय रं? पानीच इचारलं न्हवं?”

“आई, मी त्यांच्या पंगतीला जेवतो.”

“त्येंनी दिलेलं तू खातूस. आपलं त्येंनी घेतलं का?”

त्या वर्षी आबांची हळद पास झाली. दाखला मिळाला, पोत्यांना लाखेची सीलं लागली आणि माझं औत टळलं. आबा साहेबांना देवमाणूस म्हणू लागले. आई ‘साहेब’च म्हणत राहिली.

मी बी. ए. झालो, त्या सुमारास साहेबांची बदली झाली. मी निकाल सांगायला गावी आलो होतो. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात साहेब दारात उभे. मी आणि आबा धावलो. पण ते आमच्याशी न बोलता आईकडे वळले आणि हातातला तांब्या त्यांनी उपडा करून दाखवला. त्यातून थेंबही पडला नाही.

“वहिनी, लांबची बदली झाली, कालच काम दुसऱ्याच्या हाती दिलं. आता तुमची हळद तपासणारा मी नाही. पाणी मिळेल का?”

आई पदर सावरून म्हणाली, “त्या तांब्यात न्हाई देनार. आमच्या भांड्यानं प्यावं लागंल.”

“तुमच्याच भांड्यानं द्या.”

ते उंबऱ्यावर बसून दोन भांडी पाणी प्याले. “गार आहे हो,” म्हणाले. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं ती रडते आहे. ती रांजणाकडे गेली होती. बाहेर आली, त्यांच्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला, काठोकाठ भरला आणि वर फुलपात्र पालथं घातलं.

“ऱ्हाऊ द्या संगं,” ती म्हणाली. “लांबचं जायाचं हाय. वाटंला लागंल.”