सोळा माळांचा पाहुणा

माझी थोरली जाऊ ग्यान देई हट्टी आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. इथे किन्नौरमध्ये, आमच्या गावात, पाहुण्यांना घालायच्या चिलगोज्यांच्या, म्हणजे डोंगरातल्या पाइनच्या दाण्यांच्या, माळा चाळीस वर्षं तिनेच ओवल्या. कच्चा दाणा, बारीक सुई. मदतीला बसून आमच्या हातून दाणा चिरला की आम्हाला शिवी. एकदा माळ गळ्यात पडली की तो अख्ख्या गावाचा पाहुणा. मग वैरी का असेना, वर्षभर त्याच्या केसालाही कुणी धक्का लावायचा नाही.

गेल्या वर्षी गावाने वरच्या उतारावरचे चिलगोजे बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. काठीला आकडी लावून एकेक बोंड पिरगळून काढायला त्याच्या माणसांना कुठला वेळ? ते फांद्याच तोडणार होते. पिकल्या बोंडाशेजारी, त्याच फांदीवर, पुढच्या वर्षीचं हिरवं बोंड असतं. फांदी गेली की पुढचं सालही गेलं. हे आमच्या शेंबड्या पोरांना कळतं, मोठ्यांनाच कळेना!

त्याआधी जंगल खात्याची एक बाई झाडं मोजायला आली होती. म्हणाली, "हे झाड आपल्याकडच्या मोजक्या कोरड्या डोंगरांवर, पलीकडे पाकिस्तानात, अफगाणिस्तानात. बास. आता धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. तुमच्या उतारावर सगळी म्हातारी झाडं, गुडघ्याएवढं रोप एक नाही."

"येईल कुठून? दाणा न् दाणा आम्हीच खातो," जाऊबाई म्हणाली, "उरलेला मी ओवते." त्या रात्री ती जेवली नाही.

ठेकेदाराच्या सत्काराला माळ हवी म्हणून गावचा प्रधान, म्हणजे सरपंच, हीरपाल घरी आला.

"वहिनी, एक माळ द्या."

"नाही देत."

"सोळा आहेत की घरात!"

"त्या माझ्या नातीच्या वऱ्हाडासाठी. देचेनच्या सोयऱ्यांच्या गळ्यात पडतील, चोराच्या नाही."

"मग लग्नाला गाव येणार नाही, सांगून ठेवतो."

"नका येऊ. मी एकटी वाढेन."

मीही तिला झापलं. "अहो जाऊबाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

सत्काराच्या दिवशी, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, उताराची वाट सुरू होते तिथल्या पहिल्या चिलगोज्याच्या झाडाखाली ठेकेदार गावाने दिलेली नवी हिरवी टोपी घालून खुर्चीत बसला होता. ढोल वाजत होते. जाऊबाई टोपली घेऊन आली, तसा प्रधान खुलला. "आली बघा! तोंड कडू, पण मन साफ."

तिने टोपलीतून माळ काढली. काढली, काढली, संपेचना. सोळाच्या सोळा माळा एकमेकींना गाठी मारून आणल्या होत्या! ठेकेदाराला वळसा घालून ती थेट झाडापाशी गेली आणि माझ्याकडे वळली. "धर गं हे टोक."

मी, तिला झापणारी मी, धरलं. तिने बुंध्याभोवती फेरी घातली आणि गाठ मारली.

"हा आपल्या गावाचा पाहुणा," ती ओरडली. "मागे उतारावर उभं आहे ते त्याचं वऱ्हाड. कोयता लावायचाय त्याने पुढे यावं!"

"झाडाला कुणी माळ घालतं का?" प्रधान चिडला.

"चाळीस वर्षं मी ओवतेय. तेव्हा कुणाच्या गळ्याची चौकशी केलीस?"

ढोल थांबले होते. कोयतेवाल्यांत आमच्याच गावचे चौघे होते. त्यांनी कोयते खाली ठेवले. "वेड्यांचं गाव," म्हणत ठेकेदार गेला. टोपी मात्र घेऊन गेला, मेला!

लग्नाला सहा घरं आली नाहीत. वऱ्हाडाच्या गळ्यात आम्ही सुक्या जर्दाळूंच्या माळा घातल्या. नवरदेवाच्या आईने माळ चाचपली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "चिलगोजे नाहीत? एवढीच का आमची किंमत?"

जाऊबाईची मान खाली गेली. ती मान मी आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलेली पाहिली.

नवरीने बोलायचं नसतं. पण देचेन बोलली.

"होते ना, आई. तुमच्या आधी एक पाहुणा आला, त्याला घातले. वाटेतच उभा आहे. जाताना भेटून जाऊ."