आतली माया, बाहेरची माया

गळ्यात टेप नसलेली टेपवहिनी कुणी पाहिली असेल, तर त्यानं पुढे येऊन सांगावं. बाजारात टेप, दवाखान्यात टेप, लेकीच्या कॉलेजात सही करायला गेली तेव्हाही टेप. तिथल्या बाईंनी विचारलं, "हे काय?" तर ही म्हणाली, "असू दे, कधी कुणाचं माप घ्यावं लागेल सांगता येत नाही."

बावीस वर्षं ती एकाच दुकानात कापड बेतत होती. कापडावर खडूची रेघ ओढून ती कात्री चालवू लागली, की पाण्यातून बदक निघाल्यासारखं वाटायचं. उरलेल्या चिंध्या ती पिशवीत भरायची आणि संध्याकाळी घरी त्यांचे पक्षी करायची. अस्तराचा कावळा, मखमलीचं घुबड, काजाच्या टाक्यांनी भरलेला खंड्या. घरात माणसं तीन आणि पक्षी एकोणचाळीस. नवरा म्हणायचा, "ताटं मांडू की दाणे टाकू, ते आधी सांग."

एवढ्यानं तिचं भागेना, म्हणून वर्षभरापासून ती वेबसाइट करायला शिकत होती. पहिले धडे लेकीनं दिले आणि आपला जुना लॅपटॉपही दिला. पुढचं ती दुपारच्या सुट्टीत शिकायची, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, एका हातात डब्यातला घास धरून. सकाळी कात्री, दुपारी संगणक, संध्याकाळी सुई. तिन्हीकडे डोकं मात्र एकच, आणि ते शिंप्याचं.

पानावरच्या चौकटींमध्ये जागा सोडायला शिकली, तेव्हा ती हरखून लेकीला म्हणाली, "अगं, ही तर माया." पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. तर चौकटीच्या आत सोडलेली जागा ती आतली माया आणि चौकटीच्या बाहेरची ती बाहेरची माया.

"आई, परीक्षेत असं लिहिलंस तर नापास होशील."

"परीक्षेला कोण बसलंय? मी बेततेय."

अशात गावातल्या कलादालनानं हातकामाचं प्रदर्शन जाहीर केलं. ज्यांनी आपल्या कामाचं वेबपान स्वतः केलं असेल त्यांनी शनिवारी पाचच्या आत त्याचा पत्ता पाठवावा, परीक्षक मोबाईलवर बघतील आणि लगेच कळवतील. टेपवहिनीचे पक्षी आजवर घराच्या उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. आता उडाले तर उडाले, नाहीतर पुढची वर्षंही कपाटावर बसून धूळ खातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याच शनिवारी, त्याच पाचाला, बँडवाल्यांचे एकवीस लाल कोट द्यायचे होते.

"वहिनी, आज कोट की कोंबड्या?" मालकांनी सकाळीच विचारलं.

"पक्षी, काका."

"तेच ते. पंख आहेत ना?"

साडेतीनपर्यंत वीस कोट आपापल्या अंगांवर चढून गेले. उरला मोठा ढोल वाजवणारा. त्याच्या कोटाचं मधलं बटण काजाकडे नुसतं लांबून बघत होतं.

"भाऊ, माप देताना पोट आत ओढलं होतं ना तुम्ही?"

"टेप लागला की आपोआप जातं, वहिनी. डॉक्टरांकडेही जातं."

तिनं कोट उसवायला घेतला. तोवर बसून काय करायचं म्हणून ढोलवाल्यानं तिच्याकडून पत्ता घेऊन आपल्या मोबाईलवर तिचं पान उघडलं. जरा वेळानं म्हणाला, "घुबड झकास आहे. पण ह्याचा दुसरा डोळा कुठं गेला?"

"दोन आहेत की."

"एकच आहे. आणि खंड्याला चोच नाही. आजारी आहे का?"

वहिनीनं मोबाईल ओढून घेतला. खरंच, सगळे पक्षी उजवीकडून कापले गेले होते, एखाद्या दारात अडकल्यासारखे. लॅपटॉपवर मात्र सगळे धडधाकट. तिनं लॅपटॉपवरच्या घुबडाला टेप लावून पाहिला. बरोब्बर नऊ इंच. तिनं प्रत्येक पक्ष्यापुढे नऊ इंच असंच लिहिलं होतं, कारण इंचाशिवाय माप असतं हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि संगणकानं इंचही निमूट मान्य केले होते. लेकीला फोन लावला, तर लेक प्रॅक्टिकलला, फोन बंद.

"आधी ह्याचं पोट झाका," मालक म्हणाले.

ती खाली मान घालून उसवू लागली. शिवण सुटली तशी दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया बाहेर आली आणि कोट ढोलवाल्याला सामावून घ्यायला तयार झाला. वहिनीचा हात तिथंच थांबला.

"मी माप घेतलं लॅपटॉपचं," ती हळूच म्हणाली, "आणि कोट घालतेय ह्यांच्या मोबाईलला."

"मला कोट नको का मग?" ढोलवाला घाबरला.

तिनं चार शिवणी मारल्या, कोट त्याच्या अंगात घातला, बटण लावलं आणि उडी मारूनच लॅपटॉपशी बसली. इंच काढायचे, शंभर टक्के लिहायचं. म्हणजे पडदा लहान असो की मोठा, जेवढं अंग तेवढा पक्षी. पण तिनं मापं एकदाच लिहिली नव्हती, एकोणचाळीस पक्ष्यांना एकोणचाळीस वेळा लिहिली होती. ढोलवाला नव्या कोटात बाजूला उभा राहून मोजू लागला, "तेवीस राहिले. बावीस. वहिनी, बगळा सुटला." मालक घड्याळाखाली उभे राहून नुसतंच "हं, हं" करत होते, जणू त्यामुळे काटा थांबणार होता.

पाचला सात मिनिटं असताना मोबाईलवर घुबडानं दोन्ही डोळे उघडले. खंड्याची चोच अगदी कडेला टेकत होती, म्हणून तिनं आतली माया बोटभर वाढवली आणि पत्ता पाठवून दिला. मग तिला एकदम हसू फुटलं, ते थांबेचना. मालकही हसले, आणि ढोलवाला हसला तरी बटण तुटलं नाही.

सव्वापाचला उत्तर आलं. तिनं ते दोनदा वाचलं, मग मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, सोमवारी अर्धा दिवस सुट्टी हवी. कलादालनात भिंत मिळालीय. पक्षी लावायला बोलावलंय."

मालकांनी चष्मा पुसला. "अर्धा कशाला, पूर्ण दिवस घ्या. एकोणचाळीस पक्षी एका खेपेत नेणार कशा?"

"ह्या भाऊंची बँडची गाडी आहे ना," वहिनी म्हणाली, आणि गाडीत ढोलाशेजारी किती पक्षी मावतील, ते ढोलवाला बोटांवर मोजू लागला.